डोमेग्रामचे स्वामी आणि सराळ्याचे पंडित

आमच्या अकोले तालुक्यात कोठल्याही जुन्या काळ्या पाषाणाच्या देवळाकडे बोट दाखवून ‘हे कोणी बांधिले?’ असे विचारावे, म्हणजे उत्तर ठरलेले असते : ‘हेमाडपंती आहे.’ रतनवाडीचे अमृतेश्वर हेमाडपंती, अकोल्याचे सिद्धेश्वर हेमाडपंती. चुन्यावाचून दगडावर दगड बसला की तो हेमाडपंती. राजूरच्या बाजारास डांगाणातून उतरलेला म्हातारा शेतकरीही हे नाव सहज घेतो. अमृतेश्वराचे काम हेमाद्रीच्या पूर्वीचे आहे हे जाणत्यांनी कितीही वेळा सांगितले, तरी लोकांच्या जिभेवरून ते नाव उतरत नाही. मोडी लिपी त्याने आणिली म्हणतात, बाजरीही त्यानेच आणिली म्हणतात. आणि ज्या घरांत श्रावणीच्या दिवशी हेमाद्रीचा महासंकल्प अद्याप म्हटला जातो, त्या घरांस ह्या पंडिताची ओळख करून देण्याचे प्रयोजनच नाही. देवगिरीच्या महादेवराय व रामदेवराय ह्या यादव राजांचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या सर्व दप्तराचा मुख्य. आणि ‘चतुर्वर्गचिंतामणि’ नामक प्रचंड संस्कृत ग्रंथाचा कर्ता.

ह्याच हेमाद्रीच्या काळी, ह्याच गोदा-प्रवरांच्या खोऱ्यात, आणखी एक पुरुष वावरत होते. त्यांनी देऊळ बांधिले नाही, मठ उभारिला नाही, ग्रंथही लिहिला नाही. परंतु आज आपण जी मराठी लिहितो-वाचतो, तिच्या गद्याचा पहिला मोठा ग्रंथ त्यांच्याविषयी आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्यातील एका ब्राह्मण पंडिताने सिद्ध केला. ते पुरुष म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी, आणि ते पंडित म्हणजे सराळ्याचे म्हाइंभट. हेमाद्रीचे नाव ज्या घरांत मंत्रासारखे उच्चारले गेले, त्या घरांत चक्रधरांचे नाव शतकानुशतके बहुधा घेतलेच गेले नाही. आणि पंथाचे नाव घेतले, ते शिवी म्हणून घेतले. ‘मानभावी’ हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरितो ते वाचकांस विदित आहेच. ओठांत साखर व पोटांत कपट असा जो मनुष्य, त्यास आपण हे विशेषण लावितो. आणि लाविताना हे ‘महानुभाव’ ह्या शब्दाचेच झिजलेले रूप आहे, हे आपल्या गावीही नसते. आमच्या लहानपणी काळी वस्त्रे ल्यालेले साधू दारी भिक्षेस आले, म्हणजे वडीलधारी मंडळी मूठभर पीठ घालीत खरी, परंतु ‘कोठून आलात, काय वाचता?’ एवढे विचारण्याची रीत आमच्या ओसरीवर नव्हती. न विचारल्यामुळे आपण काय गमाविले, ते ह्या लेखात थोडेबहुत सांगण्याचा आमचा हेतू आहे.

स्वामींचा जन्म महाराष्ट्रातला नव्हे. गुजराथेत भडोच येथे विशाळदेव नावाचे प्रधान होते, ज्ञातीने लाड सामवेदी ब्राह्मण. त्यांचे पुत्र हरिपाळदेव. ऐन तारुण्यात हरिपाळदेव आजारी पडून वारले, त्यांस स्मशानात नेले आणि तेथे ते उठून बसले. द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह ठेवून त्या देहात प्रवेश केला, अशी पंथाची श्रद्धा आहे. हा अवतार इ. स. १२२१ चा मानितात, आणि भाद्रपद शुद्ध द्वितीयेस त्याचा उत्सव करितात. पुढे ह्या प्रधानपुत्रास द्यूताचा नाद लागला. एकदा मोठा डाव हरले; देणे फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागितले, ते तिने दिले नाहीत. पैका अखेरीस घरातून भरला गेला, परंतु त्या नकाराने त्यांचे मन जे उडाले ते पुन्हा संसारात बसले नाही. येथे त्या साध्वीस दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. जुगाराच्या देण्यापायी अंगावरचे सोने उतरून न देणारी स्त्री शहाणीच म्हटली पाहिजे. आणि तिच्या शहाणपणाने महाराष्ट्रास स्वामी मिळाले, हा हिशेब निराळाच.

रामटेकच्या यात्रेचे निमित्त काढून हरिपाळदेवांनी वडिलांची अनुज्ञा मागितली. गुजराथ व देवगिरी ह्यांचे त्या काळी वैर असल्यामुळे पित्याने पुष्कळ आढेवेढे घेतले, आणि शेवटी बरोबर लवाजमा देऊन निरोप दिला. तो लवाजमा वाटेत मागे टाकीत टाकीत ते एकटेच वऱ्हाडात रिद्धपुरास पोचले. तेथे गोविंदप्रभू उर्फ गुंडम राऊळ हे अवलिया सत्पुरुष होते. गल्लीबोळांतून फिरावे, पोरांत खेळावे, कोणाच्याही घरात शिरून हवे ते खावे, असा त्यांचा क्रम. गावकरी त्यांस वेडे म्हणत आणि आई-बाप मानीत. त्यांच्या हातचा प्रसाद मिळताच हरिपाळदेवांस ज्ञानशक्तीचा लाभ झाला असे पंथ मानितो. चक्रधर ह्या नावाने जी व्यक्ती आपण ओळखितो, ती ह्या भेटीनंतरची.

पुढील कित्येक वर्षे त्यांनी सातपुड्याच्या कुशीत सालबर्डीच्या डोंगरावर एकांतात घालविली. त्या काळची एक लीळा लहान मुलांसही कळेल अशी आहे. (चरित्रातील प्रत्येक प्रसंगास पंथात ‘लीळा’ म्हणतात.) स्वामी झाडाखाली बसले असता, पारध्यांची कुत्री पाठीस लागलेला एक ससा धावत आला आणि त्यांच्या मांडीखाली शिरला. पारधी आले. स्वामी तरुण, एकटे, अंगावर पुरते वस्त्र नाही, पारध्यांजवळ शस्त्रे. त्यांनी ससा मागितला. तो येथे शरण आला आहे, असे स्वामींनी सांगितले. पारधी म्हणाले की, ह्याच्यावर आमची पैज लागली आहे. स्वामींनी त्यांस चमत्कार दाखविला नाही, शापही दिला नाही. शांतपणे बोलून, रानात राहणाऱ्या, गवत खाणाऱ्या, कोणाचे काही न घेणाऱ्या जिवास मारण्याचे कारण काय, असे त्यांनाच विचारिले. आणि पारधी वळले. मग मांडी उचलून सशास त्यांनी जावयास सांगितले. पंथाच्या आचारात अहिंसेस जे अग्रस्थान आहे ते सूत्रात नंतर बांधले गेले. त्याच्या आधी हा ससा आहे.

मध्यंतरी ते तेलंगणात गेले. ओरंगलास एका घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाहही झाला, आणि काही काळाने तेही घर सोडून ते निघाले. लोणारास यादवांचा राजा कान्हरदेव दर्शनास आला व त्याने द्रव्य अर्पण केले, ते त्यांनी स्वीकारिले नाही. ह्या भ्रमंतीचा तपशील पुष्कळ आहे. तो आम्ही येथे गाळितो. इ. स. १२६७ च्या सुमारास ते पैठणास आले आणि तेथून पुढची सहासात वर्षे गोदावरीच्या दोन्ही तीरांवर त्यांच्याभोवती शिष्यपरिवार जमत गेला. पंथ म्हणून जो उभा राहिला तो ह्या अवघ्या सहासात वर्षांत.

परिवार तरी कसा? पैठणच्या नागूबाई म्हणजे बाइसा ह्या सर्वांत निकटच्या सेवेकरी. नागदेव, जे पुढे आचार्य झाले, ते पूर्वायुष्यात शस्त्र बाळगून हिंडणारे दांडगे गृहस्थ. आऊसा, लखुबाइसा अशा अनेक बायका, त्यांतल्या कित्येक विधवा. विधवेस त्या काळी घरात कोणते स्थान होते हे आमच्या वाचक-भगिनींस आम्ही सांगावयास नको. स्वामींनी त्यांस संन्यासाचा व ज्ञानाचा पुरुषांइतकाच अधिकार दिला. मासिक विटाळाचा प्रश्न निघाला, तेव्हा शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ वाहतात तसाच हाही एक, त्याने धर्माचरणास बाध येत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. तेराव्या शतकात हे बोलणे किती धाडसाचे होते, ते ज्या घरांत परवापरवापर्यंत ‘बाहेरच्या’ स्त्रीस कोपऱ्यात बसवीत त्या घरांतील वडील मंडळींनी मनाशी ताडून पाहावे.

ह्या बायकांत महदाइसा विशेष. नागदेवाचार्यांची ही चुलत बहीण, बालविधवा, शास्त्री घराण्यातली. ती प्रश्न फार विचारी. हे असे का, ते तसे का, अमक्या देवाचे नाव कोठून आले. स्वामींच्या मागे तिची भुणभुण अखंड चाले. दुसरा एखादा गुरू असता तर ‘पुरे कर’ म्हणाला असता. स्वामींनी तिच्या जिज्ञासेचे कौतुक केले, आणि तिच्या प्रश्नांमुळेच त्यांची कितीएक वचने आज आपणांस उपलब्ध आहेत. पुढे रिद्धपुरात गोविंदप्रभूंस आपले लग्न व्हावे अशी लहर आली, तेव्हा त्या खेळातल्या लग्नासाठी हिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचिली. ते ‘धवळे’. मराठीतील आद्य कवयित्री हीच.

स्वामींचे शिकविणे दृष्टांतांचे. हत्ती व आंधळे ही गोष्ट आपण शाळेत शिकविली, तीही त्यांच्या दृष्टांतांत आहे. सोंड धरणारा एक सांगतो, कान धरणारा दुसरे. डोळस मनुष्यास मात्र सबंध हत्ती दिसतो. आचाराचे नियम कडक होते : एके ठिकाणी ठाण मांडून राहू नये, झाडाखाली वा ओसाड देवळात निजावे, संग्रह करू नये, भिक्षा सर्व वर्णांच्या घरी मागावी व मिळेल ते एकत्र करून खावे. मठ बांधिला नाही असे जे आम्ही वर म्हटले ते ह्यामुळे. स्वामी जेथे जेथे बसले-उठले तेथे शिष्यांनी ओटे बांधिले, आणि चौदाव्या शतकात ह्या स्थानांची नोंद ‘स्थानपोथी’ नामक ग्रंथात झाली. कोणत्या गावी, वेशीच्या कोणत्या बाजूस, कोणत्या दिशेस दार असलेल्या देवळात स्वामी उतरले, हे तीत गावानिशी दिले आहे. यादवकालीन महाराष्ट्राची गावे, वेशी, नद्यांचे उतार व देवळे ह्यांची इतकी बारीक नोंद अन्यत्र क्वचितच सापडेल. आणखी एक आज्ञा अशी की, अनुयायांनी महाराष्ट्रातच राहावे. जन्माने गुजराथी असलेल्या पुरुषाने ही आज्ञा करावी ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

आता डोमेग्राम. श्रीरामपूर तालुक्यात गोदावरीच्या काठी कमालपूर म्हणून गाव आहे, तेच लीळाचरित्रातील डोमेग्राम. आमच्या रतनगडावर उगम पावलेली प्रवरा नेवाशावरून जाऊन टोक्याजवळ गोदावरीस मिळते. तो संगम गाठण्यापूर्वी गोदावरी ज्या मुलखातून येते, त्यातले हे गाव. येथे स्वामींचा दीर्घ मुक्काम झाला. आणि येथेच जवळच्या सराळ्याचे म्हाइंभट त्यांस भेटावयास आले. भेटावयास म्हणण्यापेक्षा हरवावयास आले म्हणणे अधिक खरे.

म्हाइंभट हे सधन, विद्वान्, प्रभाकर मीमांसेत पारंगत. विद्येचा ताठा असा की, भर दिवसा मशाल पेटवून चालत, जगात अंधार आहे आणि उजेड काय तो आमच्यापाशी, असे दाखविण्यासाठी. हा प्रकार आज हास्यास्पद वाटतो. परंतु आपल्या पाठांतराची मशाल दिवसाढवळ्या मिरविणारे शास्त्री व मास्तर आम्ही थोडे पाहिलेले नाहीत. वादासाठी सिद्ध होऊन आलेल्या ह्या पंडितास स्वामींनी साध्या मराठीत साधे प्रश्न केले. म्हाइंभटांनी ग्रंथांतरीचे सिद्धान्त सांगावे, आणि स्वामींनी त्या सिद्धान्ताचा तुम्हांस स्वतःस अनुभव काय, ह्या एकाच जागी त्यांस परत आणावे, असे चालले. पंडित निरुत्तर होऊन परतले. एका भेटीत सर्व काही पालटले असे मात्र नव्हे. ते पुन्हा आले, पुन्हा घरी गेले. आणि संन्यास त्यांनी घेतला तो स्वामी निघून गेल्यावर, नागदेवाचार्यांपाशी. चरित्रकार असा अडखळत आलेला असावा हे आम्हांस फार मोलाचे वाटते. भोळ्या भक्ताने लिहिलेले चरित्र आणि वादात हरलेल्या नैयायिक बुद्धीच्या माणसाने लिहिलेले चरित्र, ह्यांत अंतर पडतेच.

तिकडे पैठणात वारे फिरले होते. व्रते, दाने, श्राद्धे, तीर्थे ह्यांचा कोश रचणारा पंडित राज्याच्या सर्वोच्च पदावर. आणि त्याच राज्यात एक पुरुष सांगत हिंडतो की, देवतांच्या व्रतांनी मोक्ष मिळत नाही, परमेश्वर एक व तोच भजावा, भिक्षा कोणाच्याही दारची चालते, बायकांस संन्यास आहे. दोघांचा समेट होणे अशक्य होते. पैठणचे सारंगपंडित प्रथम स्वामींच्या जवळचे, तेही पुढे विरोधकांत जाऊन बसले. सभा भरली, आरोप ठेविले गेले. हे सारे आपल्याच समाजाने केले, हे आम्ही लपवून ठेवू इच्छीत नाही. परंतु त्याच सभेतील एकदोघा विद्वानांनी हे न्याय्य नव्हे असे स्पष्ट बजावून सभात्याग केल्याचे लीळाचरित्रात नमूद आहे, तेही सांगितले पाहिजे. त्यांचे नाव आपल्या कोणत्या संकल्पात येते?

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामी महाराष्ट्रातून नाहीसे झाले. राजपुरुषांनी त्यांस देहदंड दिला असे काही इतिहासकारांचे मत आहे. पंथाची दृढ श्रद्धा अशी की, स्वामींस मृत्यू नाही. ते उत्तरापंथास, हिमालयाकडे, निघून गेले. ह्या श्रद्धेवर वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. एवढे खरे की, पाठीराखा गेलेला तो लहानसा मेळा पांगला नाही. नागदेवाचार्यांनी सर्वांस रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या छायेखाली नेले.

तेथे म्हाइंभटांच्या मनात आले की, स्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी आहेत ती माणसे एकेक करून जाणार. तत्पूर्वी त्या लिहून घेतल्या पाहिजेत. नागदेवाचार्यांस त्यांनी विचारिले, आणि मग कामास लागले. जो प्रसंग ज्याने पाहिला त्याच्याकडे स्वतः जावयाचे, त्याच्या तोंडून ऐकावयाचे, दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहावयाचे, शेवटी आचार्यांकडून खात्री करून घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. दिवसा मशाल घेऊन चालणारा पंडित आता शेतकऱ्याच्या बांधावर बसून ‘मग स्वामी काय म्हणाले?’ असे विचारीत होता. इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. त्यात हजारांवर लीळा आहेत. स्वामी काय बोलले हे तर आहेच. परंतु ते काय जेवले, कोणी वाढिले, कोण रुसले, कोणाच्या घरी लेकरू आजारी होते, बाजारात काय मिळत होते, हेही आहे. देवाचे चरित्र लिहिताना स्वयंपाकघरातले बोलणे गाळू नये, हे म्हाइंभटांस कोणी शिकविले असेल?

इंग्रजी वाचणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस आयर्लंडातील सिद्धपुरुष कोलंबा ह्यांची कथा कदाचित् ठाऊक असेल. राजवंशात इ. स. ५२१ मध्ये जन्मलेला हा साधू इ. स. ५६३ मध्ये बारा सोबत्यांनिशी मायदेश सोडून समुद्रापार आयोना नामक लहानशा बेटावर गेला, तेथे मठ स्थापिला, आणि स्कॉटलंडच्या लोकांत ख्रिस्ती धर्म पसरविला. इ. स. ५९७ मध्ये त्याने तेथेच देह ठेविला. प्रधानाचा पुत्र परप्रांतात येऊन तेथल्या लोकांचा होऊन राहिला, हे साम्य उघड आहे. परंतु कोलंबाचे प्रसिद्ध चरित्र लिहिले अॅडम्नान ह्या मठाधिपतीने, सुमारे शंभर वर्षांनी, आणि लॅटिन भाषेत. ते विद्वानांसाठी होते. ज्या कोळ्या-धनगरांत कोलंबा वावरला, त्यांस ते वाचूनही दाखविले असते तर उमगले नसते. म्हाइंभटांनी आपला ग्रंथ स्वामी गेल्यावर चारपाच वर्षांत लिहिला, साक्षीदार जिवंत असता लिहिला, आणि साक्षीदारांच्याच भाषेत लिहिला. संस्कृत त्यांस येत नव्हते म्हणून नव्हे. संस्कृतात ते सहज लिहू शकले असते. त्या काळच्या रीतीप्रमाणे तसे लिहिणेच शोभले असते.

ह्या भाषेच्या प्रश्नावर पंथात एकदा स्पष्ट निवाडाही झाला. केसोबास हे पंथातील दुसरे थोर पंडित. स्वामींची सूत्रे व दृष्टांत ह्यांचे संकलन त्यांनीच केले. संस्कृत रचनेत त्यांचा हात उत्तम चाले. शास्त्र संस्कृतात लिहावे अशी इच्छा त्यांनी नागदेवाचार्यांस बोलून दाखविली. आचार्यांनी मना केली. कारण त्यांनी दिले ते असे की, तसे केल्यास आपल्या परिवारातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ह्या ज्ञानास अंतरतील. दुसऱ्या एका प्रसंगी पंडितांनी संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा मला स्वामींनी मराठीत सांगितले आहे, तुम्हीही मराठीतच विचारा, असे आचार्यांनी त्यांस सुनाविले. ‘स्मृतिस्थळ’ ग्रंथात ह्या आठवणी आहेत.

आम्ही स्वतः जन्मभर मुलांकडून शब्दरूपे व धातुरूपे घोकून घेतली. संस्कृताविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो रेसभरही उणा झालेला नाही, आणि तो उणा करण्यासाठी हा लेख नाही. परंतु पंचवीस वर्षे रघुवंश शिकविल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या घरी माजघरात बसलेल्या आत्याबाई, चुलत्या, आजी ह्यांस आम्ही काय शिकवितो हे कधी कळले नाही, आणि त्यांस ते कळावे असे आम्हांसही सुचले नाही. कीर्तनात ओवी आली की त्या माना डोलावीत; श्लोक आला की पदर सावरून ‘चांगले असेल हो’ म्हणत. नागदेवाचार्यांनी ज्या म्हाताऱ्यांसाठी केसोबासांची लेखणी अडविली, त्या ह्याच. त्या निर्णयानंतर थोड्याच वर्षांनी, इ. स. १२९० मध्ये, आमच्याच जिल्ह्यात नेवाशास प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. दोहोंचे मार्ग निराळे, सिद्धान्त निराळे. भाषेविषयीचा निश्चय एकच, आणि दोघांनाही तो ब्रह्मवृंदाचा रोष पत्करून करावा लागला.

निश्चयाची किंमत किती पडली तेही पाहावे. अल्लाउद्दीन खिलजीच्या सैन्याने देवगिरी बुडविली. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरपली. मग शिष्यांनी ती आठवून आठवून पुन्हा उभी केली. हिराइसेची स्मरणशक्ती अशी की, एकदा ऐकिलेले ती विसरत नसे. ज्या म्हाताऱ्या बायांसाठी ग्रंथ मराठीत झाला होता, त्यांच्याच मुखातून तो ह्या वेळी परत मिळाला. संस्कृतात असता तर कोणी आठविला असता? आठवणींत फरक पडला तेथे एकाची खरी व दुसऱ्याची खोटी असे न ठरविता, अमकीची ‘वासना’ अशी, तमक्याची अशी, म्हणून दोन्ही नोंदी नावानिशी ठेविल्या. आजच्या संशोधकांनीही वाखाणावे असे हे प्रामाण्य आहे.

पुढे विरोध वाढला, आणि पंथानेही आपली दारे मिटून घेतली. रवळोव्यासांनी चौदाव्या शतकात ‘सकळ’ नावाची सांकेतिक लिपी योजिली. एका अक्षराच्या जागी दुसरे लिहावयाचे. तशाच आणखी कित्येक लिप्या झाल्या. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्यांस बंद झाले. जे वाङ्मय म्हाताऱ्या बायांसही कळावे म्हणून मराठीत झाले, ते शिकल्यासवरल्यांसही वाचता येऊ नये अशा अक्षरांत दडले. ह्याचा दोष पंथाकडे किती व आपल्याकडे किती ह्याची वाटणी करावयाची झाल्यास आमच्या मते मोठा वाटा आपल्याकडे येतो. छळ नसता तर कुलूप कोण घालतो? मधल्या काळात ह्या पंथाचे लोक, स्वामींची महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा असूनही, पंजाबात व पार काबुलापर्यंत गेले. तेथे त्यांस जयकृष्णी म्हणत. आणि त्या परमुलखात त्यांच्या मठांत धर्मभाषा म्हणून मराठी पोथ्या वाचल्या जात. पेशव्यांचे घोडे अटकेस पोचल्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मराठी पोथी त्याच्याही पलीकडे गेली होती, ही गोष्ट मात्र आमच्या शालेय पुस्तकांत आम्ही कधी वाचिली नाही.

कुलूप उघडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची किल्ली शोधिली. विनायक लक्ष्मण भावे, यशवंत खुशाल देशपांडे प्रभृतींनी हे वाङ्मय लोकांपुढे मांडिले. पंथातील महंतांनीही आपले पेटारे उघडून दिले. हरि नारायण नेने ह्यांनी नागपुरास इ. स. १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापिले, आणि डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेली प्रत १९७८ मध्ये निघाली. किल्ली शोधणारे व पोथ्या छापणारे ह्यांत आपल्याच समाजातील विद्वान् होते, एवढे आपल्या बाजूने जमेस धरावे. मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला त्याच २०२४ साली, गोविंदप्रभूंच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले.

ज्या कुटुंबांत अजून रात्री जेवणानंतर काही वाचण्याची चाल आहे, त्यांस आमची एक सूचना आहे. लीळाचरित्र आरंभापासून क्रमाने वाचू लागू नये. जुनी मराठी प्रथम अंगावर येते आणि मुले पेंगू लागतात. सशाची लीळा आधी घ्यावी, मग महदाइसेचे प्रश्न, मग डोमेग्रामचा म्हाइंभटांचा प्रसंग. वाचणाराने मोठ्याने व सावकाश वाचावे, शब्द अडला तर थांबू नये. दोनतीन दिवसांत कान सरावतो, आणि मग घरातील वृद्ध बायाच अडलेला शब्द सांगू लागतात. आमच्याकडे तरी तसेच झाले. शिर्डीस किंवा नेवाशास जाणे झाल्यास वाट थोडी वाकडी करून कमालपुरास जावे. गोदावरीच्या काठी स्थान आहे, काळ्या वस्त्रांतील साधू तेथे असतात. त्यांस ‘काय वाचता?’ असे अवश्य विचारावे.